बोअरच्या पाण्यावर आळ: एका गिनिपिगच्या मूत्राशयातल्या खड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं. ओळख पटू नये म्हणून घरच्यांची नावं दिलेली नाहीत, प्राण्यांची बदलली आहेत. मागे यंत्रमाग, पुढे सोपा, आणि सोप्यात लाकडी पिंजरा. त्यात दोन गिनिपिग, दोघंही नर आणि भाऊ-भाऊ: चिकू आणि खारीक. घरातली मुलगी चौथीत असताना आणलेले. प्रकरण सुरू झालं तेव्हा ती सातवीत होती आणि हे दोघं साडेतीन वर्षांचे. मूत्राशयात खडे होण्याचं प्रमाण याच वयापासून वाढत जातं.

आमच्याकडे अजून बरेच लोक गिनिपिगला सशाचा चुलत भाऊ समजतात. दुकानदारही तेच समजतो, म्हणून घरात सशाच्या दाण्याची पिशवी होती. हा दाणा लसूणघासापासून बनवलेला. शिवाय दूध घालणाऱ्या नातेवाइकाकडून हिरव्या लसूणघासाची पेंडी एक दिवसाआड यायची. आजी भाजी निवडायला बसली की मेथीच्या काड्या आणि कोथिंबिरीचे देठ पिंजऱ्यात जायचे. गोव्याला भाजी पुरवणारं हे शहर, पालेभाजीला इथं तोटा नाही. हिवाळ्यात तर मेथी मातीमोल असते. वर दुकानदारानं 'दातांसाठी' म्हणून दिलेलं कॅल्शियमचं टॉनिक होतं, रोज काही थेंब. गिनिपिगचे दात जन्मभर वाढत राहतात हे खरं, पण ते ताब्यात राहतात ते गवत चावून चावून झिजल्यामुळे. टॉनिकचा त्यात काहीही हात नाही.

सुकं गवत जवळजवळ नव्हतंच. पिंजऱ्यात भाताचं पिंजर होतं, पण ते अंथरायला. कधीमधी दोघं त्यातली काडी चावायचे, एवढंच.

अडचण

फेब्रुवारीत पिंजऱ्यातल्या जुन्या साडीच्या तुकड्यावर लालसर डाग दिसू लागले. आदल्या दिवशी बीट घातलं होतं, त्यामुळे घरच्यांनी बिटाचा रंग म्हणून सोडून दिलं. हे अगदीच चूक म्हणता येणार नाही. बीट किंवा काही पाल्यांच्या रंगद्रव्यानं गिनिपिगची लघवी तांबूस होते, आणि नुसत्या डोळ्यांनी ती रक्तापासून वेगळी ओळखता येत नाही. लघवी तपासायची पट्टी बुडवली की मात्र मिनिटभरात कळतं. बीट बंद केल्यावरही डाग राहिले, आणि मुलीनं एक गोष्ट सांगितली जी मोठ्यांच्या ध्यानात आली नव्हती: लघवी करताना चिकू कण्हतो, पाठ वर काढून बसतो.

पहिल्या दवाखान्यात संसर्ग धरून औषध दिलं गेलं. दिलेलं प्रतिजैविक, सल्फा-ट्रायमेथोप्रिम, गिनिपिगला चालणारं होतं. सोबत वेदनाशामकही होतं. चार-पाच दिवस चिकू उड्या मारू लागला, घरच्यांना हायसं वाटलं. औषध संपलं आणि आठवड्यात सगळं परत सुरू. खड्यासोबत बऱ्याचदा संसर्ग असतोच, त्यामुळे प्रतिजैविक देणं गैर नव्हतं. पण जे बरं वाटलं ते मुख्यतः वेदनाशामकानं, आणि त्यामुळे एक्स-रे आणखी लांबला.

दरम्यान वडिलांनी घरात उरलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या सिरपबद्दल फोनवर विचारलं. मुलीला दिलेलंच ते, लहान मुलांना चालतं तर याला का नको? विचारलं हे बरं झालं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनिपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि प्राणी जुलाबानं दगावू शकतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांचंही तेच. कुत्र्यांना चालतं ते या जातीला मारक ठरतं.

माझ्या दवाखान्यात आला तेव्हा चिकूचं वजन ९३० ग्रॅम होतं. नोव्हेंबरात मुलीनं किराण्याच्या काट्यावर गंमत म्हणून केलेलं वजन १०४० होतं आणि ते तिच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं. एका किलोच्या प्राण्यात शंभर ग्रॅम उतरणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरणं. एक्स-रेत मूत्राशयात सहा-सात मिलिमीटरचा पांढरा गोळा स्पष्ट दिसला. गिनिपिगचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि एक्स-रेत चुन्यासारखे उठून दिसतात, म्हणून निदान अवघड नसतं. मात्र फोटो काढताना मागचा भाग पुरा यायला हवा. कमरेपाशी फोटो संपला तर मूत्रनलिकेत अडकलेला खडा निसटतो, आणि नरात धोका तिथंच असतो. चिकूच्या नलिकेत काही नव्हतं. लघवी थोडी थोडी का होईना होत होती.

आळ कोणावर

खडा म्हटल्यावर घरात पहिला आरोपी ठरला तो बोअर. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून वापराला बोअरचंच पाणी. बादलीच्या काठाला पांढरी कड, चहाच्या पातेल्याला पांढरा थर. वडील म्हणाले, "आजपासून बोअर बंद. बाटलीचं पाणी आणतो की." तर्क सरळ होता, पण कॅल्शियमचा जमाखर्च मांडल्यावर तो टिकला नाही.

हिशोब असा. पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ७५ मिलिग्रॅमच्या आत असावं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २०० पर्यंत चालतं, असं भारतीय मानकात आहे. आपण सर्वांत वाईट, म्हणजे २००चं पाणी धरू. चिकू दिवसाला जेमतेम ६० मिलिलिटर पीत असेल, तर पाण्यातून आलेलं कॅल्शियम १२ मिलिग्रॅम. आता खाण्याकडे बघा. लसूणघासाच्या दाण्यात साधारण एक टक्का कॅल्शियम; ३५ ग्रॅम दाणा म्हणजे ३५० मिलिग्रॅम. मूठभर हिरव्या लसूणघासातून दीडशेच्या पुढे. मेथीत शंभर ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे रोजच्या काड्या-देठांतून आणखी शंभर. टॉनिक धरलंच नाही तरी बेरीज सहाशेच्या पुढे जाते. बोअरचा वाटा त्यात दोन टक्केसुद्धा नाही.

इथं गिनिपिगच्या शरीराची एक खोड समजून घ्यावी लागते. माणूस किंवा कुत्रा आतड्यातून गरजेपुरतं कॅल्शियम उचलतो, उरलेलं बरंचसं विष्ठेवाटे जातं. गिनिपिग मिळेल तितकं शोषून घेतो आणि जादा झालेलं लघवीतून टाकतो. त्याची लघवी मुळात अल्कधर्मी, आणि त्यात कॅल्शियमचे स्फटिक निरोगी जनावरातही सापडतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले एवढ्यावरून खडा आहे असं म्हणता येत नाही. ते स्फटिक वाहून जातात की तळाशी बसतात, हे ठरतं लघवी किती पातळ आहे आणि प्राणी किती हालचाल करतो यावर.

मग चिकू फक्त ६० मिलिलिटर का पीत होता? हिरवा पाला खाणारा गिनिपिग बाटलीतून कमीच पितो, पण किलोमागे शंभर मिलिलिटरच्या आसपास अपेक्षित असतं. मी बाटली मागवून घेतली. स्टीलच्या नळीच्या टोकाला जी गोळी असते, ती बोअरच्या क्षारानं अर्धी धरली होती. बोटानं दाबली तर एक थेंब यायचा, दुसऱ्याला वेळ लागायचा. मुलगी रोज पाणी बदलायची, बाटली नेहमी भरलेली दिसायची, आणि ती भरलेली असण्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. म्हणजे बोअरचा दोष होता, पण वडील म्हणत होते तो नव्हे. त्यातलं कॅल्शियम चिकूच्या पोटात गेलं म्हणून खडा झाला नव्हता. ते नळीत साचलं म्हणून पाणी पोटात जात नव्हतं.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय: वेदनाशामक देऊन, पाणी वाढवून वाट बघणं. मादीची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते, लहान खडा तिच्यातून आपोआप पडल्याची उदाहरणं आहेत. नरात सहा मिलिमीटरचा खडा पडण्याची आशा करणं म्हणजे तो नलिकेत अडकण्याची वाट बघणं. तुंबलं की मग हातात काही तास उरतात.

दुसरा पर्याय आजीचा. "हुलग्याचं पाणी द्या की डॉक्टर. माझ्या दिराचा खडा तसाच पडला." आपल्याकडे मुतखड्याला हुलगे आणि पानफुटी घरोघरी सांगतात, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही. माणसाचे खडे बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचे, दिरांचा लहान असेल आणि भरपूर पाण्यानं पडला असेल. इथला खडा वेगळ्या जातीचा आणि नलिका सुतळीएवढी. आजीला हे पटलं. पटलं नाही ते मुलीला, आणि तिचा प्रश्न जास्त अवघड होता. मी बाटलीची नळी लिंबाच्या रसात बुडवून ठेवायला सांगितली होती. रात्रीत क्षार विरघळून गोळी मोकळी झाली. "नळीतला खडा लिंबानं गेला, मग चिकूच्या पोटातला का जाणार नाही?"

प्रश्न बिनतोड होता, कारण दोन्हीकडचा पदार्थ एकच: कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात तो विरघळतोच. पण तोंडानं दिलेलं लिंबू मूत्राशयात लिंबू म्हणून पोचत नाही. रक्त आपली आम्लता फार काटेकोर सांभाळतं, आणि गिनिपिगसारख्या गवतखाऊ प्राण्याची लघवी अल्कधर्मीच राहते. ती आम्ल करायला जितकं द्यावं लागेल तितक्यानं प्राणी आधी आजारी पडेल. कुत्र्यांतले काही खडे आहार बदलून विरघळवता येतात, गिनिपिगमधला हा खडा नाही.

तिसरा पर्याय शस्त्रक्रिया. बेळगावात गुरांचे, कुत्र्यांचे डॉक्टर आहेत, पण एक किलोच्या प्राण्याला भूल देण्याचा नित्याचा सराव असलेली जागा त्या वेळी जवळ मिळाली नाही. पुणे सुमारे ३४० किलोमीटर. खर्च प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट. चौथा पर्याय, वेदनारहित मृत्यू देण्याचा, मी वडिलांशी वेगळा बोललो. वजन आणखी उतरलं असतं किंवा लघवी तुंबली असती तर तोच बरा ठरला असता. त्यांनी रात्रभर विचार केला आणि पुण्याला जायचं ठरवलं.

काय केलं गेलं

मार्च लागला होता. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वरचा उकाडा गिनिपिगला सोसत नाही, म्हणून रात्री दहाला निघून पहाटे पोचायचं असं ठरलं. खारीकलाही सोबत नेलं. एकाला दूर नेलं की दोघंही खाणं टाकतात, आणि महिन्यानं परत आणल्यावर भांडतात. वाटेत काकडीच्या फोडी आणि गवत दोघांसमोर होतं.

निघण्यापूर्वी एका गोष्टीवर मी भर दिला. कुत्र्याच्या शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवतात. कुणीही तसं सांगितलं तरी गिनिपिगला ठेवायचं नाही. त्याला उलटी होत नाही, त्यामुळे भुलेखाली उलटी होण्याचा धोका नाही, उलट काही तास पोट रिकामं राहिलं की आतडं थंडावतं आणि मग ते परत चालू करणं खड्यापेक्षा कठीण. पुण्यातल्या डॉक्टरांना हे सांगावं लागलं नाही.

खडा अखंड निघाला. मूत्राशय धुऊन घेतलं. खड्याची तपासणी केली, कॅल्शियम कार्बोनेटच निघाला. त्याच वेळी खारीकचा एक्स-रे काढला तेव्हा त्याच्या मूत्राशयात तळाशी वाळूचा पातळ थर दिसला. खडा नव्हता. भाऊ, एकच पिंजरा, एकच बाटली. आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

घरी आल्यावरचे पहिले चार दिवस मुलीच्या आईनं सांभाळले. गवताच्या भुकटीचं पातळ खाद्य सिरिंजनं, गालाच्या बाजूनं, थोडं थोडं, रात्रीसुद्धा. लेंड्या मोजून वहीत लिहायच्या. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःहून ढबू मिरचीचा तुकडा ओढून घेतला, तेव्हा सिरिंज कमी केली.

आहार कसा बदलला

खडा काढून आहार तोच ठेवला तर पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून खरं काम इथं सुरू झालं. टॉनिक आणि लसूणघास बंद. दाणा बदलून गवताच्या जातीचा घेतला आणि दिवसाला प्रत्येकी पंधरा ग्रॅमवर आणला. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला बंद; कोथिंबीर दोन-चार काड्या. पालेभाजीची जागा ढबू मिरची, काकडी, कोवळी हराळी आणि थोड्या गाजरानं घेतली. ढबू मिरची मुद्दाम: गिनिपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज मिळावंच लागतं. ते पाण्यात मिसळून देणारे लोक भेटतात. पाण्यात ते लवकर निकामी होतं, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो.

कॅल्शियम शून्यावर आणायचं नव्हतं, हाडांना ते लागतंच. नव्या हिशोबानं ते तीनशेच्या आसपास बसलं, आणि त्यातलं बहुतेक गवतातून.

गवत मिळवणं हीच मोठी अडचण. परदेशी टिमथी गवत ऑनलाइन मिळतं, पण दोन प्राण्यांना वर्षभर परवडणारं नव्हतं. भाताच्या पिंजरात कस नाही. ज्वारीचा कडबा राठ, आणि ज्वारीची हिरवी कोवळी ताटं तर विषारी असू शकतात. खानापूरच्या बाजूला नातेवाइकांचं माळरान होतं. तिथलं गवत दिवाळीच्या सुमाराला कापतात, पण तोपर्यंत त्यात कुसळं भरलेली असतात, आणि कुसळ गिनिपिगच्या हिरडीत, डोळ्यात घुसतं. नातेवाइकांना फुलोरा यायच्या आत थोडं मारवेल गवत वेगळं कापून द्यायला सांगितलं. मध्येच उघडीप मिळेल तेव्हा ते वाळवायचं, ही कसरत त्यांनी केली. मागाच्या खोलीवरचा माळा कोरडा असतो, तिथं ते ठेवलं. बुरशीचा वास आला की पेंढी फेकायची हा नियम आजीनं स्वतःकडे घेतला.

पाण्यासाठी बाटलीबरोबर जड चिनीमातीची वाटीही ठेवली. भाजी धुऊन न निथळता द्यायची. बाटलीवर खुणेची रेघ, आणि आठवड्याला नळी लिंबात. बोअरचं पाणी चालूच राहिलं. वडिलांना ते आजही फारसं रुचलेलं नाही. ते उकळून गाळून भरतात, आणि त्यात नुकसान काही नाही. संध्याकाळी माग बंद झाल्यावर दोघांना परसात तासभर मोकळं सोडतात, म्हणजे तळाशी बसलेली वाळू हलती राहते.

परिणाम

सहा महिन्यांनी चिकूचा एक्स-रे स्वच्छ आला. वजन १०१०. खारीकची वाळू होती तेवढीच होती.

गणपतीत मात्र गाडी घसरली. पाहुण्यांनी घर भरलेलं, स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या जुड्या, आणि पिंजऱ्यापाशी येणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एक काडी. विसर्जनानंतर कापडावर खडूसारखे पांढरे डाग दिसू लागले. या वेळी कुणी ते सोडून दिले नाहीत. पाला थांबवला, पाणी वाढवलं, दोन आठवड्यांत डाग कमी झाले. आता सणाला पिंजऱ्यावर मुलीच्या अक्षरात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतली पाटी लागते: खायला घालू नका.

काय वेगळं करता आलं असतं

पांढरे खडूसारखे डाग पहिल्या लाल डागाच्या कितीतरी आधीपासून पडत होते. आजीला ते आठवतात, साडीचा तुकडा धुताना कडक लागायचा म्हणून. गिनिपिगची लघवी थोडी गढूळ असतेच, पण वाळल्यावर बोटाला रवाळ लागत असेल तर आहार तपासायची वेळ तीच. तिथं हात घातला असता तर कदाचित पुण्याची फेरी टळली असती. कदाचितच, कारण काही प्राण्यांत नीट आहार देऊनही खडे होतात.

संसर्गाचं औषध सुरू केलं त्याच दिवशी एक्स-रे काढायला हवा होता. तीन वर्षांवरचा नर, लघवीत रक्त, कण्हणं, एवढ्यावर तो खर्च समर्थनीय आहे. आणि वजन. नोव्हेंबरनंतर दर रविवारी काट्यावर ठेवलं असतं तर घसरण डिसेंबर-जानेवारीतच दिसली असती, कारण गिनिपिग दुखणं लपवतो पण वजन लपवू शकत नाही.

खारीकबद्दलचा निर्णय अजून व्हायचा आहे. त्याची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. वाळू वाढलेली दिसली तर भूल देऊन मूत्राशय धुऊन घेता येतं, पण नरात नळी घालणं सोपं नाही आणि त्याचं वय तोवर चारच्या पुढे गेलेलं असेल. वडील म्हणतात, त्रास नसेल तर हात लावू नका. मुलगी म्हणते, चिकूला नेलं तर याला का नाही. मी दोघांना सांगितलं आहे की एक्स-रे आणि रविवारचं वजन समोर आल्याशिवाय मी मत देणार नाही.